गोळीला पर्याय, की संवादाला?

मिरचीचा दाह जात पाहत नाही, पक्ष पाहत नाही आणि हुद्दाही पाहत नाही. मिरचीतील कॅप्सायसिन हे द्रव्य मज्जातंतूंच्या टोकांवरील ज्या ग्राही प्रथिनाला चेतवते, ते प्रथिन अमेरिकन शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ साली उजेडात आणले. या क्षेत्रातील कार्याबद्दल त्यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. भाजणाऱ्या उष्णतेची वर्दी मेंदूला देणारे प्रथिनही हेच आहे. म्हणून पेपर स्प्रे, अर्थात मिरचीच्या अर्काचा फवारा, चेहऱ्यावर बसला की डोळा प्रत्यक्षात भाजत नसतानाही भाजत असल्याचीच वार्ता मेंदूकडे जाते. पापण्या आपोआप मिटतात, नाकातोंडातून पाणी वाहू लागते, खोकल्याची उबळ येते, श्वास अपुरा पडतो. बहुतेकांच्या बाबतीत हा कल्लोळ अर्धा-पाऊण तास टिकतो. शेतमजूर असो की संसदसदस्य, शरीराचे उत्तर जवळपास एकच असते.

समतेचा हा प्रयोग मात्र शरीरापाशीच संपतो. फवारा कोणाच्या हातात होता आणि कोणाच्या डोळ्यांत गेला, यावर समाजाची प्रतिक्रिया ठरते. एका माणसाच्या डोळ्यांत गेलेले द्रव्य 'किरकोळ बळ' ठरते; दुसऱ्याच्या डोळ्यांत गेलेले तेच द्रव्य 'घातक शस्त्र' ठरते. एकाच्या वेदनेची भरपाई हजारो डॉलरांनी होते, तर दुसऱ्याच्या वेदनेला एक डॉलर पुरतो. फवारा बसल्यावर माणसे कशी वागतात, हा प्रश्न लोक बहुधा गंमत म्हणून विचारतात. तो राज्यसंस्थेला उद्देशून विचारला पाहिजे. फवारा मारल्यावर राज्यसंस्था कशी वागते?

सरकारपक्षाची बाजू प्रथम मांडणे न्यायाचे होईल. गोळीने माणूस मरतो, लाठीने हाड मोडते. मिरचीने तासाभराची आग होते आणि माणूस आपल्या पायांनी घरी जातो. अमेरिकेच्या न्याय खात्याच्या वतीने फवाऱ्यानंतर पोलिसांच्या ताब्यात झालेल्या ६३ मृत्यूंचा आढावा घेण्यात आला, त्याचा निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाला. त्यात केवळ २ मृत्यूंना फवाऱ्याचा हातभार लागला असे आढळले आणि ते दोघेही दम्याचे रुग्ण होते. हा निष्कर्ष मान्य करू. परंतु रस्त्यावरच्या जमावात दमेकरी कोण आहे, हे शिपायाला कसे कळावे? शिवाय या अस्त्राच्या 'निर्धोकपणा'ची पहिली ग्वाही कशी मिळाली, तेही विसरता येत नाही. अमेरिकेच्या केंद्रीय तपाससंस्थेतील ज्या अधिकाऱ्याच्या अभ्यासामुळे हा फवारा त्या देशातील पोलीस दलांत सर्वदूर पोचण्यास मदत झाली, त्याने उत्पादक कंपनीकडून सुमारे ५७ हजार डॉलर स्वीकारल्याचे १९९६ मध्ये न्यायालयात कबूल केले. ज्याचा माल विकायचा होता त्यानेच परीक्षकाचे हात ओले केले होते.

यावर एक उत्तर नेहमी दिले जाते. अनेक देशांत पोलीस भरतीतील उमेदवारांच्या चेहऱ्यावरही प्रशिक्षणात हा फवारा मारतात. कोणी शिव्या घालतो, कोणी गुडघे टेकतो, कोणी दात-ओठ खाऊन उभा राहतो, कोणी रडता रडता हसतो. मग छाती फुगवून सांगितले जाते, 'आम्हीही सोसले आहे. एवढा गहजब कशासाठी?' हा युक्तिवाद वरवर मर्दानी वाटला तरी आतून पोकळ आहे. प्रशिक्षणार्थीला फवारा केव्हा येणार हे ठाऊक असते, शेजारी पाण्याची बादली भरलेली असते, सहकारी हात धरून नेतो आणि संध्याकाळी तोच प्रसंग कौतुकाने सांगितला जातो. नागरिकाला यांतले काहीच लाभत नाही. त्याला अचानक आंधळे केले जाते, पालथे पाडले जाते, हातांत बेड्या पडतात. डोळे पुसण्याचीही सोय उरत नाही. स्वेच्छेने केलेला उपवास आणि लादलेली उपासमार यांत पोटातली कळ सारखीच असते, म्हणून कोणी त्या दोन गोष्टींना एक मानत नाही.

लादलेल्या वेदनेचा हिशेब कसा होतो, याचे स्वच्छ उदाहरण कॅलिफोर्नियातील डेव्हिस येथील विद्यापीठाने घालून दिले. १८ नोव्हेंबर २०११ रोजी तेथील विद्यार्थी फीवाढीविरुद्ध आणि बर्कले येथे विद्यार्थ्यांवर झालेल्या दंडुकेशाहीविरुद्ध आवारातील पायवाटेवर हातांत हात गुंफून बसले होते. त्यांच्या हातात दगड नव्हते. एक पोलीस अधिकारी, बागेतल्या झाडांवर औषध मारावे तितक्या शांतपणे, रांगेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत त्यांच्या चेहऱ्यांवर फवारा मारीत गेला. कोणी मान खाली घातली, कोणी डोक्यावर अंगरखा ओढला. कित्येक जण जागचे हलले नाहीत. भोवतालचे विद्यार्थी 'लाज वाटू द्या' असे ओरडू लागले, आणि शेवटी त्यांनी पोलिसांना 'तुम्ही जाऊ शकता' असे सांगितले. पोलीस खरोखरच मागे सरले. दुसऱ्या दिवशी रात्री विद्यापीठाच्या प्रमुख बाई दुतर्फा बसलेल्या विद्यार्थ्यांमधून आपल्या मोटारीकडे चालत गेल्या, तेव्हा विद्यार्थ्यांनी एक शब्दही उच्चारला नाही. त्या मौनाइतके कठोर आरोपपत्र क्वचितच लिहिले गेले असेल.

त्यानंतर आकडे बोलू लागले. माजी न्यायमूर्ती क्रूझ रेनोसो यांच्या समितीने एप्रिल २०१२ मध्ये निर्वाळा दिला की हा प्रकार टाळायला हवा होता आणि टाळता आलाही असता. वापरलेला मोठा डबा त्या पोलीस दलाला मंजूरच नव्हता. २१ फिर्यादींना प्रत्येकी ३० हजार डॉलर देऊन विद्यापीठाने तडजोड केली. फवारा मारणाऱ्या अधिकाऱ्याला धमक्यांचा मारा सोसावा लागला. त्याच्या मनाला झालेल्या इजेपोटी त्याला २०१३ मध्ये ३८ हजार डॉलरांहून अधिक भरपाई मंजूर झाली. म्हणजे ज्याच्या हातात डबा होता त्याची वेदना, ज्याच्या डोळ्यांत फवारा गेला त्याच्या वेदनेहून महाग ठरली. आणि २०१६ साली उघड झाले की या घटनेमुळे डागाळलेले आपले नाव संगणकाच्या महाजालावर उजळ दिसावे, यासाठी विद्यापीठाने सल्लागारांवर किमान १ लाख ७५ हजार डॉलर खर्च केले होते. जवळजवळ सहा विद्यार्थ्यांच्या भरपाईएवढी रक्कम केवळ विस्मरण विकत घेण्यासाठी खर्ची पडली! फी वाढवताना तिजोरीत खडखडाट असल्याचे सांगणाऱ्या संस्थेला हा पैसा मात्र सापडला.

डेव्हिसचे विद्यार्थी निदान समजून-उमजून बसले होते. न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर शहरात २९ जानेवारी २०२१ रोजी पोलिसांनी ज्या मुलीवर फवारा मारला ती ९ वर्षांची होती. घरातील भांडणामुळे पोलिसांना बोलावले गेले होते. हात बांधलेल्या अवस्थेत ती पोर वडिलांसाठी आकांत करीत होती आणि गाडीत पाय आत घ्यायला तयार नव्हती. एका अधिकाऱ्याने तिला दटावले की ती लहान मुलासारखी वागते आहे. 'मी लहानच आहे', असे ती म्हणाली. त्यानंतर तिच्या डोळ्यांत फवारा गेला. तिथे गोळीला पर्याय म्हणून फवारा वापरला, असे कोणी म्हणू शकेल काय? बेड्या घातलेल्या मुलीवर गोळी झाडण्याचा प्रश्नच नव्हता. फवाऱ्याने टळले ते दहा मिनिटांचे समजावणे.

आता बलवंतांच्या डोळ्यांत मिरची गेल्यावर काय होते ते पाहू. १३ फेब्रुवारी २०१४ रोजी तत्कालीन गृहमंत्री सुशीलकुमार शिंदे लोकसभेत आंध्र प्रदेश पुनर्रचना विधेयक मांडत असताना विजयवाड्याचे खासदार लगडपाटी राजगोपाल यांनी सभागृहात फवारा मारला. सदस्य खोकत, डोळे चोळत बाहेर धावले, काहींना डॉ. राममनोहर लोहिया यांचे नाव असलेल्या रुग्णालयात न्यावे लागले. सभागृह तहकूब झाले, सदस्यांचे निलंबन झाले, संसदीय लोकशाहीला काळिमा लागल्याचे सर्व बाजूंनी सांगण्यात आले. राजगोपाल यांनी आपण स्वसंरक्षणार्थ फवारा मारल्याचा दावा केला, तो कोणी मानला नाही. हा संताप रास्तच होता. परंतु त्या दिवशी फवारा म्हणजे 'किरकोळ बळ' आहे, असे एकाही सन्मान्य सदस्याच्या तोंडून निघाले नाही. ज्याचे जळते त्यालाच कळते, ही म्हण त्या दिवशी संसदेलाही लागू पडली. दुर्दैव असे की ते कळणे सभागृहाच्या दाराबाहेर पडलेच नाही. नागरिकांवर फवारा केव्हा वापरावा, कोणी वापरावा, याविषयीचा विचार त्या अनुभवातून जन्माला आला नाही.

अमेरिकेतही तेच घडले. ६ जानेवारी २०२१ रोजी वॉशिंग्टनच्या संसदभवनावर चालून गेलेल्या जमावातील काहींनी पोलिसांच्या चेहऱ्यांवर रासायनिक फवारे मारले. त्यांतील एकाने घातक शस्त्राने हल्ला केल्याचा गुन्हा कबूल केला आणि २०२३ मध्ये त्याला ८० महिन्यांची शिक्षा झाली. जानेवारी २०२५ मध्ये नव्या अध्यक्षांनी त्या दिवसाच्या आरोपींना सरसकट माफी दिली, तो भाग वेगळा. न्यायालयाने शब्द वापरला तो 'घातक शस्त्र' हाच. आपल्याकडे कर्नाटक उच्च न्यायालयानेही २०२४ मध्ये एका खाजगी वादाच्या प्रकरणात हा फवारा धोकादायक शस्त्र मानला आणि जिवाला धोका नसताना तो स्वसंरक्षणाच्या नावाखाली वापरता येणार नाही, असे म्हटले. हे तत्त्व निर्मळ आहे. मग पोलिसाच्या कमरेला डबा लटकला की त्यातील द्रव्याचा धर्म बदलतो काय? खाजगी माणसाला जिवाच्या धोक्याची अट आणि सरकारी माणसाला केवळ गैरसोयीची, हा कोणता न्याय?

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. रात्रपाळीहून परतणारी परिचारिका किंवा एकटीने लोकलचा प्रवास करणारी कामगार स्त्री पिशवीत असा डबा बाळगते, त्याविरुद्ध कोणाही विवेकी माणसाची तक्रार असणार नाही. डिसेंबर २०१२ मधील दिल्लीच्या अमानुष घटनेनंतर असे डबे मोठ्या प्रमाणावर विकले गेले. सुरक्षित रस्ता देणे हे राज्यसंस्थेचे कर्तव्य होते. ते न झाल्यामुळे स्त्रीला आपली सुरक्षा दुकानातून विकत घ्यावी लागली. तिच्या हातात फवारा हे दुबळ्याने बलवानापासून सुटका करून घेण्याचे साधन असते, आणि तिला पळण्यापुरताच अवधी हवा असतो. पोलिसाच्या हातातील फवाऱ्यामागे अटकेचा अधिकार, गणवेश, लाठी, बंदूक आणि तुरुंग उभे असतात. साधन एकच असले तरी त्याच्यामागची सत्ता एक नसते.

अर्थशास्त्राचा साधा नियम असा की एखाद्या वस्तूची किंमत उतरली की तिचा खप वाढतो. बळाच्या वापरालाही किंमत असते. गोळी झाडली की चौकशी होते, प्रेत दिसते, सरकारे डळमळतात. लाठीचे वळ पाठीवर राहतात, त्यांचे छायाचित्र निघते. फवाऱ्याचा मात्र दुसऱ्या दिवशी मागमूस उरत नाही. डोळ्यांची लाली उतरते आणि पुरावाही उतरतो. असे स्वस्त बळ हाती आले की ते गोळीच्या जागी वापरले जाईल ही आशा भाबडी ठरते. जिथे पूर्वी बोलून, थांबून, चौघांनी उचलून नेऊन काम भागत होते, तिथेच ते शिरते. गोळीला पर्याय म्हणून त्याची खरेदी होते आणि संवादाला पर्याय म्हणून त्याचा वापर होतो.

१९९७ साली कॅलिफोर्नियातील हम्बोल्ट परगण्यात जुन्या रेडवूड वृक्षांची तोड थांबवण्यासाठी तरुण-तरुणींनी आपले हात लोखंडी नळ्यांत एकमेकांना जखडून घेतले होते. पोलिसांनी कापसाच्या बोळ्यांनी त्यांच्या पापण्यांवर मिरचीचा अर्क लावला. खटला वर्षानुवर्षे चालला. २००५ मध्ये ज्यूरीने हा बळाचा अतिरेक ठरवला आणि प्रत्येकाला भरपाई दिली १ डॉलर! भारतीय वाचकाला या प्रसंगात काही ओळखीचे दिसेल. कंपनी सरकारच्या काळात मद्रास इलाख्यात शेतसारा वसूल करण्यासाठी रयतेच्या डोळ्यांत मिरची घालण्याचा प्रकार १८५५ च्या चौकशी अहवालात नोंदला गेला आणि त्या अहवालाच्या आधारे १८५७ मध्ये कार्ल मार्क्सने अमेरिकन वृत्तपत्रात लेख लिहिला. त्या काळी या कृत्याला छळ म्हणत. दीडशे वर्षांनी डब्याला झाकण बसले, त्यावर छापील सूचना आली, आणि छळाचे नाव 'जमाव नियंत्रण' झाले.

पर्यायाच्या नावाखाली साधनांची भर कशी पडते, हे काश्मीरने दाखवले. २०१६ च्या उन्हाळ्यात छर्ऱ्यांच्या बंदुकांनी शेकडो तरुणांचे डोळे निकामी होऊ लागले, तेव्हा देशभर संताप उसळला. केंद्र सरकारने सप्टेंबर २०१६ मध्ये 'पावा' या, मिरचीतील दाहक द्रव्याच्याच जातीच्या रसायनाचे गोळे धाडले; लखनौच्या सरकारी विषशास्त्र संस्थेने ते विकसित केले होते. डोळे जाण्यापेक्षा डोळे जळणे बरे, यात वाद नाही. परंतु छर्ऱ्यांच्या बंदुका मागे घेतल्या गेल्या नाहीत. त्या अपवादात्मक परिस्थितीसाठी राखून ठेवल्या. अपवाद ठरवणार कोण, तर ज्याच्या हातात बंदूक आहे तोच.

या अस्त्राचा आणखी एक दुर्गुण आहे, आणि सत्याग्रहाचा वारसा सांगणाऱ्यांनी त्याचा विचार अगत्याने करावा. मे १९३० मध्ये धरासण्याच्या मिठागरांवर सत्याग्रही ओळीने पुढे जात होते आणि लाठ्यांखाली कोसळत होते. वेब मिलर या अमेरिकन वार्ताहराच्या लेखणीने ते रक्त जगाला दाखवले आणि साम्राज्याची नैतिक पत खचली. सत्याग्रही क्लेश सोसतो तो पाहणाऱ्याच्या सद्‌सद्विवेकाला साद घालण्यासाठी. मिरचीचा फवारा नेमका हाच दुवा तोडू पाहतो. रक्त पाहून माणूस गंभीर होतो. वाहणारे नाक, मिटलेले डोळे आणि वेड्यावाकड्या उड्या पाहून तो हसतो. फवारा बसलेल्या माणसांच्या नाना तऱ्हा पाहून करमणूक करून घेणारा प्रेक्षक आज घरोघरी आहे. वेदना हास्यास्पद करून टाकली की तिचा प्रचार खुंटतो. तथापि माणूस याही अस्त्राला पुरून उरतो, हे हाँगकाँगने दाखवले. सप्टेंबर २०१४ मध्ये तेथील विद्यार्थ्यांनी फवारा अडवण्यासाठी साध्या छत्र्या उघडल्या आणि ती छत्री सबंध आंदोलनाचे नाव होऊन बसली.

केवळ जनतेच्या धैर्यावर हा प्रश्न सोडून देता येणार नाही. कायद्याने हात बांधले पाहिजेत. १९९३ च्या रासायनिक अस्त्रबंदी कराराने अशी द्रव्ये युद्धाचे साधन म्हणून वापरण्यास मनाई केली, मात्र देशांतर्गत कायदा-सुव्यवस्थेसाठी मुभा ठेवली. रणांगणावर एका वायूतून दुसरा, अधिक जहाल वायू निघेल ही भीती त्यामागे आहे; परंतु शत्रूच्या सैनिकावर जे चालत नाही ते स्वतःच्या नागरिकावर चालते, हा तिचा परिणाम कोणालाही अस्वस्थ करील. आपल्याकडे जमाव पांगवण्यासाठी बळ वापरण्याचा अधिकार देणारे १९७३ च्या संहितेतील १२९ वे कलम १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेत १४८ वे होऊन आले. क्रमांक बदलला, रासायनिक द्रव्यांविषयी त्यात आधीही शब्द नव्हता, आताही नाही.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. बसलेल्या, बांधलेल्या वा प्रतिकार न करणाऱ्या माणसावर आणि कोणत्याही बालकावर फवारा मारणे हा गुन्हा ठरावा. बंदिस्त जागेत त्याचा वापर होऊ नये. डब्यात काय आहे आणि किती तीव्र आहे, हे जनतेला कळावे. फवारा मारणाऱ्यानेच पाणी आणि वैद्यकीय मदत पुरवावी. संयुक्त राष्ट्रांच्या १९९० च्या बळवापरविषयक तत्त्वांनीही जखमींना त्वरित मदत देण्याचे बंधन घातले आहे. प्रत्येक वापराची कारणांसह नोंद व्हावी आणि ती दर वर्षी विधिमंडळापुढे यावी. फवाऱ्याऐवजी अन्य कोणता मार्ग उपलब्ध होता, हा रकाना त्या नोंदीत अवश्य असावा. तो रकाना भरताना ज्या अधिकाऱ्याचा हात अडखळेल, त्याने डब्याला हात घालण्यापूर्वीच अडखळावे, हा त्यामागील हेतू आहे.

सत्तेला प्रश्न विचारला की तिला मिरच्या झोंबतात, हे जुनेच आहे. त्या मिरच्या प्रश्न विचारणाऱ्याच्या डोळ्यांत घालण्याचा परवाना मात्र कोणत्याही लोकशाहीने कोणत्याही सत्तेला दिलेला नाही.